एका कडीचं घंगाळ

गुरुजी,

आधी तक्रार, मग बाकीचं. तक्रार घंगाळाची आहे. तुम्ही मला जे तांब्याचं घंगाळ दिलंत, त्याला कडी एकच आहे. दोन कड्या असल्या की घंगाळ सरळ उचललं जातं. कडी अजिबात नसली तर निदान कडेवर घेता येतं. एका कडीचं घंगाळ मात्र कुठल्याच शास्त्रात बसत नाही. भरलेलं उचललं तर तिरपं होतं, रिकामं उचललं तर नडगीवर आपटतं. इतकी वर्षं मी हे मुकाट्यानं सोसलं, परंतु आता प्रकरण आमच्या शिक्षणसंस्थेच्या चौकशी समितीपर्यंत गेलेलं असल्यामुळं माझा अभियोग रीतसर मांडणं भाग आहे. घंगाळ सध्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कपाटाच्या वर, पुरावा म्हणून ठेवलं आहे. बायकोचे कांदे-बटाटे त्यात असायचे, ते स्वयंपाकघराच्या फरशीवर आले आहेत, आणि चौकशी कधी संपणार असं ती रोज सकाळी विचारते. तिला माझ्या नोकरीची काळजी आहे असं मी आधी समजलो होतो.

दुसरी कडी तुमच्या नातवानं तोडली. तो तेव्हा नुकताच चालायला लागला होता. गुलमंडीतल्या त्या कापडदुकानावरच्या माडीत आम्ही मुलं ओळीनं बसून रूपं घोकत असायचो आणि तो घंगाळात बसून, कडी दोन्ही हातांनी ओढत, कुठंतरी परगावी निघालेला असायचा. एक दिवस खिळा निसटला. कडी जिन्यावरून टणटणत खाली गेली, दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर आली आणि गुलमंडीच्या गर्दीत नाहीशी झाली. खालचा दुकानदार मान वर करून म्हणाला, "पंडितजी, आपका कुछ गिर गया." तुम्ही म्हणालात, "गिरने दो. पोता सलामत है." तुम्हाला मोठ्यानं हसताना मी पाहिलं ते त्या दिवशी. तांबटाकडं टाकू, असं दर वर्षी म्हणायचात. टाकलं नाहीत. म्हणून हा अभियोग तुमच्यावर आहे, नातवावर नाही. नातवाचं वेगळं आहे. त्याच्याकडं मी येणारच आहे. जरा लांबून येतोय, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

तुम्ही गेल्यावर बरंच बदललं. शहराचंसुद्धा नाव बदललं. गुलमंडीत गाडी लावायला जागा नाही, ते तेवढं पूर्वीसारखं आहे. तुमच्या माडीवर आता तयार ब्लाउजचं दुकान आहे. मी त्या जिन्यावरून पहिल्यांदा वर आलो तेव्हा दहावीत होतो. शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं की या मुलाला पुढं शिकवायचं असेल तर शास्त्रीबुवांकडंच पाठवा, फक्त ते घेतील का ते सांगता येत नाही. घेतील का, या शंकेचं कारण माझं आडनाव नव्हतं. आडनाव तर कुणाचंही असावं असं होतं. कारण बाबा होते. छावणीतल्या चर्चमध्ये बाबा झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे, रात्री कुलूप लावायचे. तुम्ही विचारलंत वडील काय करतात, मी सांगितलं. तुम्ही पानाचा डबा उघडून पुन्हा मिटलात. मग विचारलंत, "तुमच्या देवळात दिवा कोण लावतं?" मी म्हणालो, मेणबत्ती असते, बाबाच लावतात. "मग बस," म्हणालात. काकूंनी पाणी दिलं आणि माझा पेला वेगळा, खिडकीत ठेवला. तो खिडकीतून आत फडताळात कधी आला ते मला कळलं नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मी तेव्हाही विचारलं नाही.

पहिल्याच वर्षी गुरुपौर्णिमा आली. तुम्ही चौरंगावर, पाय घंगाळात. एकेक मुलगा येतोय, तांब्यानं पाणी घालतोय, पाय चोळतोय, गंध-फूल वाहतोय, गुरूला परब्रह्म म्हणणारे श्लोक म्हणून डोकं टेकतोय. माझा नंबर येतो. मी आदल्या रात्री विचार करून आलोय. आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं की गुरुजनांना मान द्यावा, पूजा एकाचीच करावी. त्यावर मी मोठ्या हुशारीनं तोडगा काढलेला. मी म्हणतो, "गुरुजी, मी पाय धुतो. पण पूजा आणि ते श्लोक मला जमणार नाहीत." तुम्ही पाय घंगाळातून बाहेर काढता. पाणी फरशीवर ठिबकतं. बाकीची मुलं घशातल्या घशात हसतात.

"म्हणजे पाय धुण्यापुरता माझा, आणि डोकं टेकायचं दुसरीकडं?"

मी तांब्या खाली ठेवतो.

"शिष्य अर्धा नसतो रे. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा पुरात कुठं जातो, ठाऊक आहे? मधोमध. खाली जा. ठरवून ये."

खाम नदीच्या पुलावरून मी पायी घरी गेलो. रडलो नाही असं लिहिलं असतं, पण तुम्ही वरच्या खिडकीतून पाहत होतात. बाबा चर्चच्या पायरीवर बसून खराट्याची दोरी आवळत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय ठरवायचं? तुझं ठरलेलंच हाय. जा, सांगून टाक. हाकललं तर घरी ये, भाकरी हाय." एवढ्या मोठ्या धर्मसंकटाचा निकाल त्यांनी खराटा खाली न ठेवता लावला, याचा मला तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवशी येऊन मी तुम्हाला म्हणालो की शिष्य मी त्याचा आहे, येशूचा. तुमच्याकडं फक्त शिकायला येऊ का? तुम्ही हातातली पोथी मिटलीत. मग म्हणालात, "शिकवायला माझी ना नाही. पण मग तिकडं तरी पुरता हो. तिकडं कुचराई केलीस असं कळलं, तर इथून हाकलीन." आणि पोथी उघडलीत.

हे तुम्ही पाळलंत, गुरुजी, अगदी छळ म्हणावा इतकं पाळलंत. बारावीच्या परीक्षेआधी मी एकदा रविवारी सकाळी तुमच्याकडं आलो, तर तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच विचारलंत, "आज वार कोणता?" मी म्हणालो, परीक्षा जवळ आली आहे. "परीक्षा तुझी जवळ आली, त्याचा वार कशाला लांब ढकलतोस? जा. त्यांची घंटा झाली असेल." छावणीपर्यंत पळत गेलो, पहिलं गीत संपत आलं होतं. आमच्या उपासाच्या दिवसांत चहा पुढं करून तुम्ही परीक्षा पाहायचात, आणि मी घेतला की भुवई वर करायचात. आमच्या चर्चच्या मंडळीत आजही लोक साक्ष देताना सांगतात की मला विश्वासात अमुक पाळकांनी वाढवलं, तमुक भगिनीच्या प्रार्थनेनं धरून ठेवलं. मला धरून ठेवलं ते गुलमंडीतल्या एका शेंडीवाल्या शास्त्र्यानं. हे मी एकदा उभं राहून सांगितलं. त्यानंतर मला साक्षीला उभं करत नाहीत.

मग तो गुरुवार. येशूनं पकडला जाण्याच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्याकडं पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात, हे तुम्हाला मी बोलता बोलता सांगितलं होतं. तुमचा विश्वास बसेना. "गुरू धुतो? शिष्याचे?" असं दोनदा विचारलंत, आणि संध्याकाळी टोपी घालून, उपरणं घेऊन चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसलात. लोक वळून वळून तुमच्याकडं पाहत होते आणि तुम्ही समोर. त्या वर्षी बारांत बाबा होते. त्या दिवशी दुपारभर बाबा नळाखाली बसून टाचा विटेनं घासत होते. भेगांतली माती निघेपर्यंत घासल्या, वरून खोबरेल चोळलं, आईचे जुने मोजे घातले. पाळकसाहेबांना किळस यायला नको, म्हणाले. एकटे बाबाच नाहीत, बाराही जण तसेच यायचे. आमच्यात ती रीतच पडली होती. ज्या दिवशी पाय धुतले जायचे, त्या दिवशी छावणीत आमच्याइतके स्वच्छ पाय कुणाचेच नसतील.

परत जाताना मी तुम्हाला रिक्षास्टँडपर्यंत सोडायला आलो. तुम्ही चर्चकडं एकदा वळून पाहिलंत. मग विचारलंत, "मूळ प्रसंगात, त्या बारांत, तो फितूर होता ना?"

"हो."

"त्याला ठाऊक होतं? तो उठून जाऊन पकडून देणार, हे?"

"हो. ठाऊक होतं."

"आणि त्याचेही धुतले."

मी हो म्हणालो. तुम्ही उभे राहिलात, उपरणं सारखं केलंत. "हा गुरू महाग आहे रे. आमच्याकडं शिष्य पाय धुतो, दक्षिणा देतो, सुटतो. तुझ्या गुरूनं आधीच धुऊन ठेवलेत. तू सुटणार कसा?" मी काहीतरी उत्तर दिलं, शहाण्यासारखं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. रिक्षात बसता बसता म्हणालात, "आणि आज जे धुतले ना, ते सोपे होते. घरून धुऊन आलेले पाय कुणीही धुईल." याचा मला राग आला, बाबांच्या टाचांसाठी. आता येतो तो वेगळ्याच कारणासाठी.

गुलमंडीची जागा सोडून तुमचं घर सिडकोत फ्लॅटमध्ये गेलं, त्या आठवड्यात तुम्ही स्वतः रिक्षातून घंगाळ घेऊन छावणीत आलात. गुडघ्यांनी दगा दिला होता, डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हणालात, नव्या घरात नळाखाली टब आहे, याला कुणी विचारत नाही. तुमच्या देवळात त्या गुरुवारी कामाला येईल. पाळकसाहेबांनी मान तुकवून घेतलं. तेव्हापासून वर्षातला एक दिवस ते चर्चमध्ये असतं आणि उरलेलं वर्ष आमच्या कांद्यांचं. तुम्ही फार जगला नाहीत. नंतर तुमच्या मुलानं नातवाला माझ्याकडं आणलं. म्हणाला, दादांचं सगळं तुमच्याकडंच आहे, याला थोडं द्या. तो शाळेत असल्यापासून एम. ए. होईपर्यंत माझ्याकडं शिकला. दारात बूट काढायचा, ते कायम एकावर एक चढलेले, आणि बायको ते सरळ करायची. शिऱ्यात बेदाणे जास्त लागतात त्याला. पाठांतर तुमच्यासारखं, अहंकार माझ्यासारखा. आमच्याच कॉलेजात तो लागला तेव्हा मी पेढे वाटले.

आता यंदाची गोष्ट. आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि ज्येष्ठतेनं मी प्रमुख झालो. स्टाफरूममध्ये तुमचा नातू म्हणाला, "चला, आता सरस्वतीपुढं मेणबत्ती." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ज्येष्ठतेबरोबर चौरंगही माझ्याकडं आला. कॉलेजात गुरुपौर्णिमेला संस्कृतच्या सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापकाचे पाय मुलं धुतात. मी प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं की माझ्या गुरूच्या रीतीत हे बसत नाही, मला यातून सोडवा. ते म्हणाले, "सर, तुम्हाला काय करायचंय? नुसतं बसायचंय." मी म्हणालो, तेच अवघड आहे. त्यांना ते विनयाचं वाटलं. वर म्हणाले, तुमच्याकडं म्हणे मोठं तांब्याचं घंगाळ आहे, तेवढं आणा. स्टीलचं घमेलं फोटोत बरं दिसत नाही. बायकोनं कांदे काढून दिले, चिंच लावून घंगाळ घासलं, आणि म्हणाली, "बसू नका म्हणजे झालं."

मी बसलो. हॉल भरलेला. एक मुलगी तांब्या घेऊन समोर आली, लाजत, ओढणी सावरत. मी खाली पाहिलं, तर माझ्या पायांशी घंगाळ, आणि कडी नसलेली बाजू नेमकी माझ्याकडं. मी आधी काहीही ठरवलेलं नव्हतं. हे मी समितीपुढं सांगितलं नसतं, पण तुम्हाला सांगतो. मी उठलो. तिच्या हातातून तांब्या घेतला, घंगाळ ओढत पहिल्या बाकाशी नेलं आणि खाली बसलो. पहिला मुलगा शेंद्र्याच्या अलीकडच्या एका गावाचा. बाप कंपनीत पाळीनं काम करतो, हा सकाळी रानातलं आटपून बसनं येतो. त्यानं पाय बाकाखाली ओढले. "सर, थांबा. माझे पाय लई घाण हायेत. नळावर धुऊन येतो."

"मग मी काय धुऊ?"

हॉल हसला. त्यानं पाय पुढं केले. दोन हजार वर्षांपूर्वी त्या बारा शिष्यांतल्या एका कोळ्यानंही असेच पाय मागं ओढले होते, गुरुजी. त्यालाही वाटलं होतं की आधी आपण थोडं नीट व्हावं. चिखल होता, गवताचं कुसळ होतं, एकाचा मोजा अंगठ्याशी फाटलेला. एकीला गुदगुल्या झाल्या. एकाला रडू आलं. का, ते त्याला सांगता आलं नाही. तो बाक संपला. मी उठलो, हात पुसले, पाणी संपलं असं म्हणालो, आणि कार्यक्रम संपला.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर होता. कुणी लिहिलं वंदनीय, कुणी लिहिलं नाटक. तिसऱ्या दिवशी संस्थेकडं तक्रार आली की पाय धुणं हा ख्रिस्ती विधी असून गुरुपौर्णिमेच्या पवित्र दिवशी तो हिंदू विद्यार्थ्यांवर करून त्यांना बाटवण्याचा हा सौम्य मार्ग आहे. भाषा अतिशय शुद्ध. तक्रारदार तुमचा नातू. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीच्या पंचांनीही मला बोलावलं. त्यांचा आक्षेप उलटा होता: मी प्रभूचा विधी परक्यांच्या सणात नेला. सगळ्यांत म्हातारे पंच म्हणाले, "सर, लांबण लावू नका. चौरंगावर बसला का नाय, येवढंच सांगा."

"बसलो."

"मंग?"

"मग उठलो."

यावर त्यांनी पुढची बैठक ठेवली आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं ते तुम्ही सांगितलं होतंत. मी तर एकाच डगरीवर होतो, तरी ढासळल्या दोन्ही. हे तुमच्या दृष्टांतात नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. माणूस वाईट नाही. चहा दिला, बिस्किटं दिली, पंखा माझ्याकडं वळवला. म्हणाले, "सर, तुम्ही आमचेच. फक्त एवढं म्हणा की त्यात धर्मबिर्म काही नव्हतं, पोरांचं कौतुक म्हणून केलं. प्रकरण मी मिटवतो."

"तसं म्हणता येणार नाही."

"का? बाटवायचं होतं का पोरांना?"

"नाही. एकालाही नाही. पण का धुतले असं विचाराल, तर माझ्या गुरूनं धुतले म्हणून धुतले. ते वगळून सांगण्यासारखं दुसरं कारण माझ्याकडं नाही."

"अहो, जिभेनं म्हणायचं नुसतं. मनातून तुम्ही कुणाचे, ते तुमच्या येशूला कळतंच की."

"त्याला कळतं हो. अडचण अशी की मलाही कळतं."

त्यांनी बिस्किटांची बशी बाजूला सरकवली. मग अवघड आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मला घरी बसायला सांगितलं आहे. विभागाचं काम सध्या तुमचा नातू पाहतो. सोमवारी समितीपुढं जायचं आहे.

तर आता माझा उत्तरपक्ष ऐका. मी माफी मागणार नाही. संस्थेची नाही, कारण मी मुलांच्या पायांना पाणी लावलं, गळ्यात पाश टाकला नाही. पंचांची नाही, कारण ज्याचा तो विधी, त्यानं तो सणासुदीला जेवणाच्या पंगतीत, फितुराच्या देखत केला होता, सोवळ्यात नाही. आणि तुमचीही नाही, गुरुजी. तुमच्या नातवाला वाटतं की मी तुमचं घंगाळ विटाळलं. मी म्हणतो, तुम्ही ते दिलंत तेव्हा त्याचं काय होणार हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच दिलंत. लोक मला समजावायला येतात. एक जुना सहकारी म्हणाला, इतकी वर्षं गुण्यागोविंदानं काढलीस, आता निवृत्तीच्या तोंडावर कशाला? मी त्याला म्हणालो, गुण्यागोविंदानं काढली हाच तर संशय आहे. सगळ्यांना चालणारा शिष्य होतो मी. संस्कृतवाल्यांना ख्रिस्ती चालला, कारण तो श्लोक छान म्हणायचा. ख्रिस्ती मंडळीला पंडित चालला, कारण नाताळच्या कार्यक्रमात मिरवता यायचा. मला काही द्यावंच लागलं नव्हतं. मग आता लागतंय तर लागू दे. नोकरी गेली तर शिकवण्या घेईन; बायकोचा दवाखान्यातला पगार आहे, आणि भाकरी हाय, हे वाक्य आता म्हणायची पाळी माझी. पंचांनी मागच्या बाकावर बसवलं तर तुमची जागा तिथं मोकळीच आहे. सोमवारी काय बोलायचं ते मला पाठ आहे. स्वरांसकट.

हे सगळं मी काल बायकोला म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर तिनं काड्या गोळा केल्या आणि म्हणाली, "भाषण चांगलं आहे. एक सांगा. मास्तरांच्या खुर्च्या त्या बाकाला लागूनच होत्या ना?"

"होत्या."

"पहिल्या खुर्चीवर तो होता."

"असेल."

"पाणी संपलं म्हणालात. मी व्हिडिओ पाहिलाय. अर्धं घंगाळ भरलेलं होतं."

मी म्हणालो, तो तक्रार करणार हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? ती म्हणाली, तक्रारीचं नाही, मेणबत्तीचं ठाऊक होतं. मग मेथी घेऊन आत गेली.

तेव्हापासून, गुरुजी, माझं भाषण मला पाठ येत नाही. मधेच तो बाक संपतो आणि पुढची खुर्ची दिसते. त्याचे बूट दिसतात, पॉलिश केलेले, आणि आता ते एकावर एक नाहीत, नीट जोडून ठेवलेले आहेत. मला आठवतं की मी त्यांच्याकडं पाहिलं होतं. मुलांचे चिखलाचे पाय मला अवघड गेले नाहीत. मला ते आवडत होते, हॉल पाहत होता, आणि मी चांगला दिसत होतो. तुम्ही रिक्षात बसता बसता म्हणालात ते बाबांच्या टाचांबद्दल नव्हतं, हे कळायला मला एवढी वर्षं लागली. संस्थेला नाही म्हणायला मला काही जड जात नाही. अध्यक्षांना नाही म्हणताना तर, खरं सांगतो, मजा आली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही ते एक बरं आहे. तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही वरच्या पायरीवरून तेच म्हणाला असता, खाली जा, ठरवून ये. उद्या रविवार आहे. जाईन, मागच्या बाकावर बसेन. पण ठरत नाही. मला काळजी नोकरीची नाही आणि पंचांचीही नाही. तुमच्या नातवाचे पाय धुवायची माझी इच्छा नाही, ही काळजी आहे. समजा सोमवारनंतर कधीतरी तो आलाच, पूर्वीसारखा, दारात बूट काढून उभा राहिला, तर मी तांब्या आणतो असं म्हणून आत जाईन, आणि मला भीती वाटते की मी आतच बसून राहीन.